घट्ट म्हणजे किती?

ग्रंथपरीक्षण लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. (हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'ग्राहकसेवा सहयोगी' म्हणतात. पगाराने मात्र अजून सहयोग दिलेला नाही.) ज्यांना अधिकार असतो ते टीकाकार पुस्तक आरामखुर्चीत बसून वाचतात, आणि काही जण, असं ऐकतो, न वाचताच लिहितात. मी ज्या ग्रंथाबद्दल आज लिहिणार आहे तो मी सतरा वेळा वाचला आहे. त्यातल्या निदान पाच वेळा फरशीवर उताणा पडून, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात ग्रंथ, आणि वरून कपाळावर काळं तेल ठिबकत असताना. शंकराच्या पिंडीवरही इतक्या नेमानं अभिषेक होत नसेल. एवढ्या भांडवलावर चार शब्द लिहायला हरकत नसावी.

ग्रंथाचं नाव 'ओनर्स मॅन्युअल'. मराठीत 'मालकाची पुस्तिका'. मालक मीच. निदान कागदोपत्री तरी.

ही मालकी माझ्याकडे आली ती आम्ही छावणीत राहतो म्हणून. आमच्या शहराचं नाव 2023 साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, छावणी मात्र छावणीच राहिली. छावणीत राहणाऱ्या नागरी माणसाला लष्कराकडून दोन गोष्टी मिळतात. एक पहाटेचा बिगुल, आणि दुसरी म्हणजे बदली झालेल्या साहेबांचं सामान. या मार्गानं आमच्या घरात आजवर दोन वेताच्या खुर्च्या, चार कुंड्या आणि एक कूलर आला होता. तीन वर्षांपूर्वी एका मेजरसाहेबांची ईशान्येकडे बदली झाली आणि त्यांची मोटारसायकल आली. ही बाई लडाखातला खारदुंग ला चढून आलेली, म्हणजे 5,359 मीटर उंचीचं पाणी प्यालेली. आता तिला रोज छावणी ते आमची शाखा एवढाच प्रवास होता, आणि वाटेतला सर्वांत मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. हिमालयात तप करून आलेल्या योग्याला तलाठ्याच्या कचेरीत चिकटवावं तसं झालं.

सौ.ने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "यावर बसल्यावर तुमचे पाय जमिनीला लागतात का?"

"टोकं लागतात," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "संसारातही तेवढेच लागतात."

या जातीच्या गाड्यांना 'ॲडव्हेंचर टूरिंग' म्हणतात. उंच, वजनदार, लांबच्या आणि वाईट रस्त्यांसाठी जन्मलेल्या. बी.एम.डब्ल्यू. कंपनीनं 1980 साली 'आर 80 जी/एस' नावाची गाडी काढली. 1981 साली त्या गाडीनं पॅरिस ते डाकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली. तेव्हापासून ज्यांना जन्मात वाळवंटात जायचं नाही अशा जगभरच्या माणसांना वाळवंटात जाणारी गाडी हवीशी वाटू लागली. आपल्याकडे रॉयल एन्फिल्डनं 2016 साली 411 सीसीची 'हिमालयन' आणली, आणि 2023 साली तिच्या जागी 452 सीसीची, पाण्यानं थंड होणारी नवी आणली. युरोपात या आकाराची गाडी धाकटी समजतात. आमच्या वाड्याच्या बोळात ती थोरलीच ठरते. माझी गाडी कोणत्या कंपनीची हे मात्र सांगणार नाही. वीस वर्षं बँकेत काढल्यावर खातेदाराचं नाव न सांगण्याची सवय हाडात मुरते. शिवाय पुढे जे घडलं त्यात कंपनीचा दोष दमडीचाही नाही.

तर आता ग्रंथाकडे वळू.

लेखक अज्ञात आहे. लेखनशैली थेट आमच्या बँकेच्या परिपत्रकाची. कोणीच काही करत नाही, सगळं 'करण्यात यावे' असतं. बोल्ट काढण्यात यावा, तेल गाळण्यात यावे, बोल्ट पुन्हा बसवण्यात यावा. या सबंध ग्रंथात माणूस असा दिसतच नाही. मधूनमधून चित्रात मनगटापासून तोडलेला एक हात येतो, पण त्याच्या नखात काळं नसतं, त्यामुळे तो कोणा जाणत्याचा असेल असं वाटत नाही.

रस म्हणाल तर एकच, भयानक. दर दोन परिच्छेदांनंतर त्रिकोणात उद्गारचिन्ह. 'इशारा', 'सावधान' आणि 'सूचना' अशा भीतीच्या तीन पायऱ्या. पहिलीत माणूस मरतो, दुसरीत गाडी मरते आणि तिसरीत फक्त हमी मरते. 

आणि सर्वांत मोठा दोष कथानकाचा. प्रत्येक प्रकरण रंगात येतं, नायक संकटात सापडतो, इंजिनातून 'टक टक' असा गूढ आवाज येऊ लागतो, आता काय होणार म्हणून वाचक पान उलटतो, तर शेवटचं वाक्य हे की, गाडी अधिकृत विक्रेत्याकडे नेण्यात यावी! कीर्तनकारानं पूर्वरंग आपल्याला इथे ऐकवावा आणि उत्तररंग दुसऱ्या गावच्या देवळात ठेवावा, तसला प्रकार.

पण टीकाकारानं गुणही सांगितले पाहिजेत. या पुस्तिकेनं मला जे शिकवलं ते चाळीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. उदाहरणार्थ, मोटारसायकलीचं तेल आणि मोटारीचं तेल एक नव्हे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाच्याच तेलात क्लचच्या चकत्याही बुडालेल्या असतात. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी औषधं घातलेली असतात, ती इथे पडली तर क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. (आमच्या शाखेत याचं दुसरं उदाहरण आहे, पण ते सांगत नाही.) साखळी फार सैल असली तर दात्यांवरून उडते. फार ताणली तर चाक वरखाली होताना तिला जागाच उरत नाही आणि ती बेअरिंगं खाते. तेलाची पातळी पाहायची ती गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून, तेल खाली उतरू देऊन. आमच्या वडिलांच्या चेतक स्कूटरचं सगळं देखभालशास्त्र म्हणजे सकाळी तिला एका अंगावर कलती करायची आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची. त्या घराण्यात वाढलेल्या मला ही पुस्तिका म्हणजे उपनिषदच वाटलं. आणि उपनिषद वाचणाऱ्याचं पुढे जे होतं तेच माझं झालं. मला ज्ञान झालं असं मला वाटू लागलं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी ठरवलं की इंजिन ऑइल आपण स्वतः बदलायचं.

कृती सोपी आहे. इंजिनाच्या पोटाशी एक बोल्ट असतो. इंजिन कोमट असताना तो काढायचा, जुनं तेल परातीत धरायचं, बोल्टखालचा वायसर फेकून नवा घालायचा, बोल्ट आवळायचा, वरून नवं तेल ओतायचं. तो बोल्ट किती आवळायचा याचा आकडा पुस्तिकेत दिला होता. 25 न्यूटन-मीटर.

आकडा पाहिला की आम्हा कॉमर्सवाल्यांना धीर येतो. न्यूटन-मीटर म्हणजे काय हे मी कन्येच्या बारावीच्या पुस्तकातून काढलं. समजा पाना पाव मीटर लांब आहे. त्याच्या टोकाला 100 न्यूटनचा जोर लावला की 25 न्यूटन-मीटर झाले. 100 न्यूटन म्हणजे साधारण दहा किलो वजन. म्हणजे दहा किलोची पिशवी पान्याच्या टोकाला टांगावी, एवढंच. हे मोजणारा खास पाना मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मी मोजमाप मनानंच करायचं ठरवलं. दळणाचा डबा मी वीस वर्षं उचलतो आहे. दहा किलो म्हणजे किती हे या हाताला कळत नाही होय?

बोल्ट काढला. तेल गाळलं. बोल्ट पुन्हा लावला, मनातला दळणाचा डबा टांगला, आणि नवं तेल ओतलं. तर बोल्टाच्या कडेनं एक थेंब आला. मग दुसरा.

थेंब येतो याचा अर्थ बोल्ट सैल आहे, असा मी निष्कर्ष काढला. तिजोरीला दोन किल्ल्या, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचं, यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला 'आणखी घट्ट' याखेरीज दुसरा उपाय सुचत नाही. पान्याच्या दांडीत मी नळाचा जुना पाइप घातला, म्हणजे दांडी अर्धा मीटर झाली, आणि तिच्यावर अंगाचं निम्मं वजन टाकलं. नंतर कागदावर हिशेब केला तो असा. अर्धा मीटर गुणिले 400 न्यूटन, बरोबर 200 न्यूटन-मीटर. पुस्तिकेच्या आठपट. बोल्ट घट्ट झाला, आणखी घट्ट झाला, आणि मग एकदम लोण्यासारखा हलका फिरला. मला वाटलं, बसला!

थेंब थांबला. मी हात धुतले, पुस्तिका मिटायला घेतली, आणि त्या पानातून नवा कोरा वायसर टुणकन खाली पडला. सकाळी मीच तो खूण म्हणून पानात ठेवला होता.

बँकेत ताळमेळ लागला नाही की फरकाची रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकतात आणि घरी जातात. वायसर मी खिशात टाकला. म्हटलं, पुढच्या वेळी बघू.

दुसऱ्या दिवशी रविवार. गाडीखाली रुपयाएवढा डाग होता. कन्येला वेरूळला न्यायचं कबूल केलं होतं. नगर नाक्यावरून निघालो, पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. दौलताबादचा किल्ला दिसू लागला तशी कन्या मागे बसून गाणं म्हणू लागली. किल्ल्याजवळचं वळण आलं. वेग असेल वीस-पंचवीस. समोर तेलाचा तांबडा दिवा लागलेला मी पाहिला, आणि त्याच क्षणी मागचं चाक आमच्याशी काहीही न बोलता डावीकडे निघून गेलं.

बोल्ट मागे कुठेतरी गळून पडला होता. ते सगळं कोरं, महागाचं तेल मागच्या टायरला माखलं होतं.

इथे मला विनोद सुचत नाही. गाडी पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. कन्या रस्त्यावर बसलेली होती, तिचं डोकं हेल्मेटमुळे शाबूत होतं, आणि उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललेलं होतं. मागून एक एस.टी. येत होती. तिच्या चालकानं वेळीच ब्रेक लावला, तो कोण कुठला मला माहीत नाही, पण रोज झोपण्यापूर्वी मी त्याला एक नमस्कार करतो. रस्त्याकडेला पेरू विकणारा एक म्हातारा धावत आला. आधी आमच्याकडे नाही, आधी त्यानं दोन घमेली माती आणून सांडलेल्या तेलावर टाकली, मागून येणाऱ्या दुसऱ्या कोणाची गाडी घसरू नये म्हणून. मग चौघांनी मिळून ती 190 किलोची गाडी उभी केली.

कन्या रडली नाही. हाताकडे बघत तिनं एवढंच विचारलं, "बाबा, हे पुस्तकात लिहिलं नव्हतं का?"

सतरा वाचनांत मला हा प्रश्न पडला नव्हता. तिला एका पडण्यात पडला.

गाडी छोट्या टेंपोत घालून छावणीत आणली, आणि बाजारामागच्या गल्लीतल्या उस्तादांपुढे उभी केली. उस्तादांचं वय पासष्टीचं. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या बुलेटवर हात साफ केला आणि यांनी वडिलांच्या हाताखाली. 1955 साली मद्रासला 'एन्फिल्ड इंडिया' निघाली, तिच्या त्या जुन्या बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि किक मारण्यापूर्वी ॲमीटरचा काटा मधोमध आणायचा. त्या गाडीची पुस्तिका उस्तादांनी उघडल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

उस्तादांनी इंजिनाखाली करंगळी घातली, भोकातून फिरवली आणि बाहेर काढली. करंगळीवर चांदीसारखा चुरा होता.

"आटे गये," ते म्हणाले. "साब, कित्ता कसे?"

"पुस्तकात आकडा आहे," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"किताब कू हात रहते क्या?"

मराठी समीक्षेत इतकं नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. अर्थात समीक्षा मी फारशी वाचलेलीच नाही.

मग त्यांनी समजावलं. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचं पोट ॲल्युमिनियमचं. भांडण लावलं की मऊ असतो तो हरतो. बोल्ट आवळतो म्हणजे आपण त्याला किंचित ताणतो, रबर ताणावा तसा. तो परत आखडू पाहतो, त्या आखडण्याच्या जोरावर तो धरून राहतो. ताणच नसेल तर सुटतो, आणि ताण सोसवेनासा झाला की आटे सोडतात. थेंब थांबवायचं काम जोराचं नसतंच, ते वायसरचं. तो चेपून फट भरतो, म्हणून दर खेपेला नवा घालायचा. मी खिशातून तो काढून दाखवला. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं ते, चेकवर सही करायला विसरलेल्या खातेदाराकडे मी पाहतो तसं.

दुरुस्ती दोन दिवस चालली. भोक जरा मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवतात. तिला 'हेलिकॉइल' म्हणतात. मग आतला चुरा धुऊन काढतात, कारण तेवढा चुरा तेलाबरोबर फिरला तर इंजिनाचा निकाल लागतो. आता ते आटे मूळच्यापेक्षा मजबूत आहेत. खर्चाचा आकडा लिहीत नाही, हे पुस्तक सौ.ही वाचणार आहे.

त्या दोन दिवसांत आमच्या शाखेतल्या एका साहेबांनी मला एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं, 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. लेखक रॉबर्ट पर्सिग. 121 प्रकाशकांनी नाकारल्यावर 1974 साली ते छापलं गेलं आणि लाखांनी खपलं. नावात 'मेंटेनन्स' पाहून मी आशेनं उघडलं. पण त्यात कोणतं तेल घालायचं हेच नाही. लेखकच आरंभी सांगून टाकतो की यातली मोटारसायकलीची माहिती फारशी भरवशाची समजू नका. 1968 साली हा गृहस्थ 305 सीसीच्या होंडावर लहान मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत गेला, त्याची ही हकिगत, आणि तीत तत्त्वज्ञान पोत्यानं. सोबतच्या मित्राकडे बी.एम.डब्ल्यू. होती आणि त्याला पाना हातात धरायचा तिटकारा. त्याचं हँडल सैल झालं तेव्हा पर्सिगनं बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती कापून घालायचं सुचवलं, तर मित्र दुखावला. इतक्या भारी गाडीला डब्याचा पत्रा! हा मित्र आमच्या शेजारी राहतो अशी माझी खात्री आहे.

पण या पर्सिगचं पोट भरायचं ते यंत्रांच्या पुस्तिका लिहून. म्हणून त्याला त्यातलं दुखणं ठाऊक होतं. पुस्तिका लिहिणारा यंत्राकडे लांबून, प्रेक्षकासारखा पाहतो, ही त्याची तक्रार. आणि शेकडो पानांच्या त्या तत्त्वज्ञानात एका ठिकाणी तो माझ्या बोल्टापाशी येतो. घट्टपणाच्या पायऱ्या तो सांगतो. बोटानं आवळलेलं, मग नुसतं बेताचं बसलेलं, मग घट्ट. प्रत्येक धातूची पायरी वेगळी, आणि ती हाताला कळावी लागते. वाचून मी पुस्तक मिटलं. हे तर उस्तादांनी करंगळीनं सांगितलं होतं!

आता निकाल. आमची पुस्तिका वाईट नाही. 25 हा आकडा खरा होता, वायसर बदला हेही तिनं सांगितलं होतं. तिनं 'किती' सांगितलं, पण ते 'किती' हातात कसं ओळखायचं हे सांगितलं नाही, आणि खरं तर कोणत्याच पुस्तकाला ते सांगता येणार नाही. दोष वाचकाचा आहे. सतरा वेळा वाचलं म्हणजे एकदा केल्यासारखं होतं, असं तो समजला. त्याची किंमत त्यानं भरली असती तर ठीक होतं. ती भरली मागे बसलेल्या पोरीनं.

गाडी आणायला गेलो तेव्हा कन्याही बरोबर आली, हाताला पट्टी बांधलेली. उस्तादांनी एक भंगार झालेलं इंजिनाचं झाकण आणि मूठभर बोल्ट पुढे टाकले. पाना माझ्या हातात दिला, तोही त्याच्या तोंडाजवळ धरायला लावून, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो.

"पैले एक तोडो," ते म्हणाले. "तोडे बगैर नै समजता."

मला जमेना. वीस वर्षं दुसऱ्यांचं जपण्याचा पगार घेतलेला हात. तोडायचं म्हणून तोडायला तो धजेना. मी आवळत होतो आणि घाबरून थांबत होतो. शेवटी कन्येनं डाव्या हातानं माझ्याकडचा पाना घेतला, एक बोल्ट ओढला, ओढला, आणि आट्यांसकट उपटून काढला. मग दुसरा घेतला आणि मध्येच थांबली.

"हौ," उस्ताद म्हणाले. "यंहीच."

"कसं कळलं गं?" मी विचारलं.

"आधी जड जड होत जातं बाबा. मग एका जागी किंचित मऊ लागतं. त्या मऊच्या आधी थांबायचं."

पुस्तिकेत त्या आकड्यापुढे मी आता पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे, 'मऊच्या आधी'. पानात खूणही घातली आहे. बसच्या तिकिटाची.